रात्री पायी जाताना पोलिसांनी अडवलं तर काय दाखवावंच लागतं?

शेवटची_कर्जत: दादरला उतरून घरी चालत जाणाऱ्याला नाकाबंदीवर थांबवतात. ‘आधार दाखव, सॅक उघड, मोबाइल अनलॉक कर.’ गाडीच नाही, म्हणजे लायसन्सचा प्रश्न नाही. यातलं सक्तीचं काय?

फौजदारी_बाजू: तिन्ही वेगळं.

नाव-पत्ता सांगून मोकळे व्हा. पोलिसासमोर अदखलपात्र गुन्हा (ज्यात एरवी वॉरंटशिवाय अटक करता येत नाही) घडला आणि नाव-पत्ता नाकारला किंवा खोटा वाटला, तर बीएनएसएस (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ३९ खाली अटक होते. आधार खिशात बाळगायची सक्ती मात्र कुठेच नाही.

सॅकसाठी कारण लागतं. अमली पदार्थ असल्याचं मानायला कारण असेल, तर एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी कायदा) कलम ४३ रस्त्यावरही झडतीची मुभा देतं. लोक लगेच त्याच कायद्याचं कलम ५० सांगतात (‘राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर न्या’). ते अंगझडतीला लागतं, नुसत्या सॅकला नाही. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलंय. महिलेची अंगझडती महिलाच घेणार.

मोबाइल हवा असेल तर बीएनएसएस कलम ९४ प्रमाणे ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याचा लेखी आदेश. तोंडी ‘अनलॉक कर’ ही विनंती समजा.

बक्कल_नंबर: रात्री हमखास ऐकू येतं ते महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १२२. ते नीट वाचा: गुन्ह्याच्या इराद्याने हत्यार बाळगणं किंवा तोंड झाकणं, घरफोडीची अवजारं जवळ असणं, कुणाच्या इमारतीत समाधानकारक कारणाशिवाय सापडणं. नुसतं चालत घरी जाणं त्यात बसत नाही.

शेवटची_कर्जत: आणि ‘चल, ठाण्यात बस’ म्हणाले तर?

फौजदारी_बाजू: एकच विचारा: अटक आहे का, कुठल्या कलमाखाली? अटक असेल तर कारण सांगणं, साक्षीदाराच्या सहीचा अटक पंचनामा, नातेवाइकाला कळवणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत मॅजिस्ट्रेटसमोर हजर करणं, हे सगळं आलं. साक्षीदार म्हणून हवे असाल तर बीएनएसएस कलम १७९ चा लेखी आदेश. महिला, १५ वर्षांखालची मुलं आणि ६० वर्षांवरच्यांचा जबाब घरीच.

खटका उडतो तो हात लावल्यावर. पोलिसाचा हात झटकला की जुनं आयपीसी ३५३, आता बीएनएस (भारतीय न्याय संहिता) १३२, म्हणजे सरकारी नोकराला कामापासून रोखण्यासाठी हल्ला किंवा बळाचा वापर. मग मूळ अडवणूक बेकायदा होती का हा मुद्दा मागे पडतो.

बक्कल_नंबर: तक्रार करायची तर नेमप्लेटवरचं नाव, वेळ आणि नेमकी जागा लिहा. तिथल्या सीसीटीव्हीचं फुटेज जपून ठेवायची मागणी त्याच अर्जात करा, पुढे ते पुसलं जातं. पोचवर शिक्का घेतल्याशिवाय हलू नका.