मदत हवी आहे: 'शेटलंड' पाहताना तिसऱ्या सीझनपासून तपासाचा धागा सुटतो

रातकिडा:
स्कॉटलंडच्या बेटांवर घडणारी ही पोलीस तपासाची मालिका बघतोय. पहिल्या सीझनमध्ये (२०१३) दोन भागांची एकच गोष्ट आहे, दुसऱ्यात दोन-दोन भागांच्या तीन. तिथवर सगळं नीट लागलं. तिसऱ्यापासून एकच तपास सहा भाग चालतो आणि चौथ्या भागापर्यंत कोण कुणाचा कोण हेच आठवेनासं होतं. शिवाय तपासप्रमुख पेरेझ ऊठसूट फिस्कलकडे का जातो? कबुली मिळाली तरी पुरावे का शोधत बसतो? कृपया गुन्हेगार कोण ते फोडू नका.

पुराव्यानिशी:
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं त्यातच आहे. स्कॉटलंडचा कायदा इंग्लंडहून वेगळा आहे. तिथे संशयास्पद मृत्यूचा तपास प्रोक्युरेटर फिस्कल या सरकारी वकिलाच्या अखत्यारीत येतो, खटला भरायचा की नाही हेही तिथेच ठरतं. आणि गुन्ह्याच्या मुख्य बाबींना दोन स्वतंत्र ठिकाणांहून पुरावा लागतो. नुसत्या कबुलीवर भागत नाही. म्हणूनच संशयास्पद मृत्यूचं शवविच्छेदनही तिथे दोन डॉक्टर मिळून करतात.

वेळेचंही तसंच. आरोप न ठेवता स्कॉटलंडमध्ये १२ तास, मुदतवाढ मिळाली तर २४ तास ताब्यात ठेवता येतं. इंग्लंडमध्ये ही मर्यादा न्यायालयाच्या परवानगीने ९६ तासांपर्यंत जाते. त्यामुळे संशयिताला सोडलं म्हणजे तो निर्दोष ठरला, असं धरू नका. इथेच बहुतेकांची गफलत होते.

आता नावांचं. एका कागदावर तीन रकाने आखा: नाव, घटनेच्या वेळी तो कुठे होता असं सांगतो, आणि त्याला दुजोरा कुणाचा. नातीगोती लिहीत बसू नका, ती आपोआप लक्षात राहतात. दुसऱ्या भागानंतर थांबून कागद वाचा, तोवर महत्त्वाची बरीच माणसं येऊन गेलेली असतात. तिसरा रकाना जिथे रिकामा आहे तिथे नजर ठेवा. खुनी आधीच ओळखण्यापेक्षा ती रिकामी जागा कशी भरते ते पाहण्यात या मालिकेची खरी गोडी आहे. आणि एका रात्रीत सहा भाग नका संपवू, दोनच बघा.

दीपगृह:
यात भूगोलाची भर घालतो. लरविक हे शेटलंडचं मुख्य गाव सर्वांत मोठ्या बेटावर आहे. येल आणि अन्स्ट या बेटांवर गाडीसकट फेरीबोटीने जावं लागतं, अ‍ॅबर्डीनहून येणारी बोट तर रात्रभर चालते. त्यामुळे 'मी त्या वेळी पलीकडच्या बेटावर होतो' असं कुणी म्हटलं की फेरीबोट किती वाजताची होती ते आधी विचारायचं. ऋतूही बघा. जूनमध्ये तिथे रात्री पूर्ण अंधार पडतच नाही, डिसेंबरात जेमतेम सहा तास उजेड असतो. उन्हाळ्यातल्या रात्री 'अंधारात चेहरा दिसला नाही' असं म्हणणारा साक्षीदार संशयास्पदच. पडद्यावरच्या रस्त्यांवरून मात्र अंतरं मोजू नका, चित्रीकरणाचा मोठा भाग स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर झालाय.

आणखी एक: कलाकारांची यादी आधी उघडू नका. पाहुणा कलाकार किती भागांत आहे हे दिसलं की निम्मं रहस्य तिथेच संपतं.

रातकिडा:
दोघांचे आभार! दुजोऱ्याचा रकाना सुचलाच नसता. पुढे तपासप्रमुख बदलतो म्हणे. थेट तिथूनच सुरू केलं तर?

पुराव्यानिशी:
गोष्ट कळेल. सातव्या सीझननंतर (२०२२) पेरेझची भूमिका करणारा डग्लस हेन्शल मालिका सोडून गेला आणि आठव्यात (२०२३) अ‍ॅशली जेन्सनची रूथ कॅल्डर आली, तपासही नवा आहे. पण पेरेझची सहकारी टॉश, तिचं काय? तिसऱ्या सीझनमध्ये तिच्या बाबतीत जे घडतं त्याचे पडसाद पुढे उमटत राहतात. निदान तिसरा पुरा करा, मग ठरवा.