घरी पेशंट सांभाळणाऱ्या ब्युरोची पारख कशावरून करायची?

रुईकर कॉलनीकर:
अण्णांना लकवा मारल्यापासून आमच्याकडे ब्युरोच्या मावशी येतात. ब्युरोवाला अधूनमधून फोन करून विचारतो, "सेवेला दहापैकी किती मार्क?" आई दहा देऊन मोकळी होते, मावशी समोरच उभ्या असतात ना! असल्या मार्कांना काडीची किंमत नाही. सेवा कशी आहे ते पेशंटची पाठ सांगते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलायला हवी. माकडहाड, खुबे, टाचा रोज बघायला हव्यात. लाल डाग बोटानं दाबूनही फिका पडला नाही, तर जखमेची सुरुवात झाली समजायचं. सावळ्या कातडीवर लाली पटकन दिसतही नाही, जागा गरम किंवा कडक लागते का ते हात लावून बघावं लागतं. दवाखान्यात अशा जखमेचा धोका मोजायला ब्रेडन स्केल वापरतात. ६ ते २३ मार्क, जितके कमी तितका धोका जास्त. ब्युरोनं पहिल्या दिवशीच हे मार्क लिहावेत, रोजची वही ठेवावी. वही नसेल तर ब्युरो बदला.

मंगळवार पेठेतला:
वहीचं काय सांगताय राव! आमच्याकडची वही बघण्यासारखी आहे. ८, १०, १२, २, सगळ्या वेळा संध्याकाळी निघताना एका दमात लिहिलेल्या. मी वही बघायची सोडून दिली. माझ्या आजीला मावशी वेणी घालतात, गावाकडच्या गप्पा मारतात, त्यांच्या हातनं आजी दोन घास जास्त खाते. दर आठवड्याला नवी बाई पाठवणाऱ्या ब्युरोची वही कितीही भरलेली असू दे, मला तो नको. बाई टिकते का, एवढंच मी बघतो.

रुईकर कॉलनीकर:
वेणी घालावीच. पण नळीतून भरवल्याबरोबर पेशंटला आडवं केलं तर अन्न छातीत जाऊ शकतं. भरवताना आणि नंतरही काही वेळ डोक्याची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी. लघवीची पिशवी मांडीवर ठेवून खुर्चीत बसवणारी बाई कितीही मायाळू असो, लघवी उलटी चढून इन्फेक्शन व्हायचं ते होतंच. आणि वही खोटी असते म्हणूनच पाठ बघायची.

बावड्याची सिस्टर:
आधी आलंय कोण ते तरी विचारा! एएनएम हा नर्सिंगचा दोन वर्षांचा कोर्स, जीएनएम तीन वर्षांचा, दोघींची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी लागते. घरी येणाऱ्या बऱ्याच मावशी यातल्या नसतात, कुणाच्या तरी हाताखाली शिकून आलेल्या असतात. त्यात कमीपणा नाही, पण इन्सुलिन टोचणं किंवा लघवीची नळी बदलणं त्यांच्यावर सोडू नका. ब्युरो 'नर्स' म्हणून पैसे लावत असेल तर नोंदणी क्रमांक मागा आणि कामाचं स्वरूप लिहिलेली पावती घ्या. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करता येते, पण हातात कागद नसेल तर ग्राहक आयोगापुढे काय दाखवणार? आपली माणसं फोनवरून पैसे पाठवून मोकळी होतात.

मावशीची लेक:
माझी आई राजारामपुरीत हेच काम करते. चोवीस तासांची ड्युटी लावायची आणि दर दोन तासांनी कूस बदला म्हणायचं, मग तिनं झोपायचं कधी? जड माणूस एकटीनं उचलून तिची कंबर गेलीय. वर "मावशी, तेवढी भांडी घासा" असतंच. तुम्ही दिलेल्या पैशातलं तिच्या हातात किती पडतं, हे इथं एकानं तरी ब्युरोला विचारलंय का?

रुईकर कॉलनीकर:
आमच्याकडे बारा तासांचीच ड्युटी आहे ताई, रात्री मी आणि भाऊ उठतो. पण कमिशनवरून अण्णांची सेवा कशी मोजायची?

मावशीची लेक:
वर्षभरात किती बायका काम सोडून गेल्या ते विचारा. नीट सांगितलं नाही की समजून जा.

मंगळवार पेठेतला:
हेच तर मी मघापासून बोंबलतोय!

रुईकर कॉलनीकर:
टिकलेल्या बाईच्या हातनंही जखम होते. शेजारच्या काकांकडे पहिल्यापासून एकच मावशी, लई जीव लावणाऱ्या. थंडी म्हणून काकांना लोकरीचे मोजे घातले, ते दिवसचे दिवस कुणी काढलेच नाहीत. टाच काळी पडल्यावर कळलं.

मंगळवार पेठेतला:
मग तो मोजा तुमच्या वहीत कुठल्या रकान्यात बसतो, तेवढं सांगा.