मदत हवी आहे: नवजात बाळाला इंजेक्शनं देताना त्रास कमी कसा करता येईल?

रानजाई: बहिणीची तारीख पुढच्या आठवड्यात आहे. जन्मल्यावर व्हिटॅमिन के, हिपॅटायटिस बी आणि बीसीजी (क्षयाची लस) अशा तीन सुया असतात. बाळाला कमीत कमी दुखावं म्हणून काय करायचं, सिस्टरांना काय सांगायचं? आजी म्हणतात, आधी मध चाटवा.

ओंजळ: मध अजिबात नको! वर्षाच्या आतल्या बाळाला त्यातून बोटुलिझम (जंतूंच्या विषामुळे स्नायू लुळे पडणारा गंभीर आजार) होऊ शकतो. आजींना समजावून सांगा. आईचं दूध मात्र खरंच काम करतं, पण पाजता पाजताच सुई दिली तर. बाळ दोनेक मिनिटं सलग चोखत असावं, घोट उतरल्याचा आवाज यावा, मग टोचायचं. सुई निघाल्यावरही पाजणं थांबवू नका. ‘ठसका लागेल’ म्हणून कुणी अडवलं, तर सांगा की जागतिक आरोग्य संघटनेनंच २०१५ साली लस देताना पाजायची शिफारस केली आहे.

व्हिटॅमिन के (१ मिग्रॅ) पहिल्या तासाभरात देतात. तेव्हा बाळाला चोखणं जमलेलं नसेल, तर उघड्याच अंगानं आईच्या छातीवर पालथं ठेवा, वरून दुपटं, मांडी तेवढी मोकळी. सिझेरियनमुळे आई जवळ नसेल, तर सिस्टरांकडून २५ टक्के डेक्स्ट्रोज (दवाखान्यातलं निर्जंतुक ग्लुकोजचं पाणी) १ मिली, २ मिनिटं आधी, जिभेच्या टोकावर थेंब थेंब. घरचं साखरपाणी नको.

पाणकणीस: टोचणाऱ्याच्या बाजूचंही सांगते. हिपॅटायटिस बी मांडीच्या मध्यावर, बाहेरच्या अंगाला देतात. तिथे मोठी रक्तवाहिनी नाही, त्यामुळे दट्ट्या मागे ओढून रक्त बघायची गरज नसते. त्या ओढण्यात सुई आत हलते आणि जास्त दुखतं. स्पिरिट लावलं असेल तर पूर्ण वाळू द्यावं, ओलं राहिलं की झोंबतं.

बीसीजी डाव्या दंडावर, ०.०५ मिली, त्वचेच्या आतच. सुई जवळजवळ आडवी, वर मसुराएवढी फुगी येते. हात हिसडला तर सुई खोल जाते आणि पुढे गळू होऊ शकतं. म्हणून कोपर हलक्या हातानं पण पक्कं धरा. इथे स्पिरिट नको, स्वच्छ पाण्यानं पुसा. नंतर चोळणं, शेकणं, हळद लावणं काहीही करू नका.

रानजाई: आणि पोलिओचे थेंब?

पाणकणीस: दोन थेंब सुईच्या आधीच द्यायला सांगा. रडतं बाळ ते थुंकून टाकतं.