मेटलएलबी बसवण्याआधी सर्व्हिसएलबी बंद करावे
कुबरनेटीसमध्ये (अनेक संगणकांवर मिळून ॲप्स चालवणारी यंत्रणा) मेटलएलबी, म्हणजे सर्व्हिसला बाहेरून पोहोचता येईल असा आयपी पत्ता देणारे साधन, बसवले की ट्रॅफिक सगळ्या नोड्सवर (यंत्रणेतील संगणकांवर) विभागले जाते, असा दावा केला जातो; पण तो मेटलएलबीच्या लेयर २ पद्धतीला लागू पडत नाही. तिथे एका आयपी पत्त्याच्या एआरपी विचारणेला ('हा पत्ता कोणाकडे आहे?' या स्थानिक नेटवर्कवरील प्रश्नाला) एकच नोड उत्तर देतो, सारे ट्रॅफिक आधी त्याच्याकडेच येते आणि पॉड्समध्ये (ॲपच्या चालू प्रतींमध्ये) ते वाटण्याचे काम पुढे कुबरनेटीसचा क्यूब-प्रॉक्सी हा घटक करतो. तो नोड बंद पडला, तर दुसरा त्याची जागा घेतो, एवढेच.

इंदूरला आमच्या कार्यालयातील तीन जुन्या संगणकांवर के३एस (कुबरनेटीसची हलकी आवृत्ती) उभारताना माझे दोन दिवस मात्र वेगळ्याच कारणाने गेले. के३एसमध्ये मुळातच असलेले, मेटलएलबीसारखेच काम करणारे सर्व्हिसएलबी मी बंद केले नव्हते आणि ते व मेटलएलबी दोघेही एकाच सर्व्हिसला पत्ता देऊ पाहत होते. अर्गो सीडी (गिटमधील मांडणीनुसार ॲप्स आपोआप बसवणारे साधन) जोडण्यापूर्वीच सर्व्हिसएलबी बंद करावे, आणि मेटलएलबीचे पत्ते राउटरच्या डीएचसीपी कक्षेबाहेर (राउटर इतर उपकरणांना आपोआप वाटतो त्या पत्त्यांबाहेर) ठेवावेत, हे मी आग्रहाने सांगेन.