चिंबोऱ्यांचे डेंगे जिवंतपणीच तोडणं: दुसरा मार्ग आहे का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी.

चिंबोरी (मालवणात कुर्ली, घाटावर खेकडा) जिवंत घ्यायची आणि जिवंतच साफ करायची, ही सगळीकडची रीत. पाठ दाबून धरायची, चावू नये म्हणून आधी दोन्ही डेंगे (पुढच्या मोठ्या नांग्या) पिळून काढायचे, मग पाय, मग पाठीचं कवच उपसायचं. या सगळ्यात जीव नेमका कधी गेला हे कुणी बघत नाही. कवच निघाल्यावरही तोंडाजवळचे बारके अवयव हलत असतात. हेच बोकडाच्या बाबतीत कुणी केलं तर खाटकाच्या दुकानाबाहेर भांडण होईल.

मांसाहार बरोबर की चूक यावर इथे वेगळे धागे आहेत आणि त्यांचं काय होतं तेही सगळ्यांना माहीत आहे. हा प्रश्न खाणाऱ्यांसाठी आहे. खेकड्याला खरंच कळतं का? कळत असेल तर घरच्या घरी, साध्या हत्यारांनी, आधी मारून मग साफ करण्याची पद्धत कोणती? आणि आधी मारल्याने चव बिघडते म्हणतात त्यात तथ्य किती?

दर्यासारंग

पद्धतीपुरतं सांगतो. खेकड्याला आपल्यासारखा एकच मेंदू नसतो. मज्जातंतूंच्या दोन मोठ्या गाठी असतात. एक पुढे, डोळ्यांच्या मागे. दुसरी, आकाराने मोठी, पोटाच्या बाजूला मधोमध, त्या त्रिकोणी झडपेखालच्या भागात. एकच गाठ नष्ट केली तर दुसरी चालू राहते, त्यामुळे "डोक्यात सुरी घातली तरी हलतंय" अशी तक्रार होते. दोन्ही गाठी गेल्या पाहिजेत, तेही लागोपाठ, दहा सेकंदांच्या आत.

त्याआधी थंड करणं. बादलीत तीन भाग बारीक फोडलेला बर्फ, एक भाग पाणी. खाडीच्या किंवा समुद्राच्या चिंबोरीसाठी पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे दोन सपाट टेबलस्पून. बर्फ वितळतो तसं पाणी आळणी होत जातं, म्हणून सुरुवातीला थोडं जास्तच घाला. चिंबोरी पूर्ण बुडली पाहिजे. पाव किलोच्या आसपासची असेल तर किमान २० मिनिटं, मोठ्या काळ्या चिंबोरीला अर्धा तास किंवा जास्त. डेंग्यांची सुतळी सोडू नका, ती शेवटी.

घड्याळापेक्षा खुणा बघा. डोळ्याला काडी लावली तर डोळा आत ओढला जात नाही. पाय उचलून सोडला तर तसाच पडतो. पोटाची झडप बोटाने उचलताना विरोध होत नाही. यातली एक जरी खूण चुकली तर परत बर्फात.

मग उताणी करून फळीवर घ्या, खाली ओलं फडकं, म्हणजे सरकणार नाही. झडप उचला. तिच्याखाली छातीवर मधोमध खळगा दिसतो. बर्फ फोडायचा टोचा किंवा धार काढलेला बारीक स्क्रूड्रायव्हर तिथे जवळजवळ उभा घाला, पाठीच्या कवचाला आतून टेकेपर्यंत, आणि दोन-तीन वेळा गोल फिरवून काढा. लगेच दुसरा घाव पुढे, तोंडाच्या वर डोळ्यांच्या मधल्या उथळ खळग्यातून, टोचा किंचित आतल्या बाजूला तिरका धरून. पाय क्षणभर थरथरतात, मग डेंगे लोंबायला लागतात. डेंगा उचलून सोडला आणि तो बदकन पडला की झालं. त्यानंतर हवे ते तोडा.

टोचा नसेल तर जड सुरी उताण्या चिंबोरीच्या मधल्या रेषेवर लांबीच्या दिशेने ठेवायची आणि बत्त्याने एकच दणका. दोन्ही गाठी त्याच रेषेवर आहेत. घाव अर्धवट बसला तर मात्र काहीच साधत नाही, म्हणून सुरी पातळ नको.

शेवंडाला, म्हणजे लॉबस्टरला, टोच्याची पद्धत लागू नाही. तिच्यात गाठींची साखळीच शेपटीपर्यंत गेलेली असते. तिला बर्फात थंड करून डोक्यापासून शेपटीपर्यंत उभी चिरावी लागते.

तव्यावरचं

चवीचं. "जिवंतच हवी" यामागचं कारण खरं आहे, पण लोक ते भलत्याच ठिकाणी लावतात. खेकडा मेला की त्याच्या पोटातल्या पाचक ग्रंथीतले रस त्याच्याच मांसावर काम करायला लागतात, वर जिवाणू. काही तासांत मांस पिठूळ होतं, अमोनियाचा वास येतो. म्हणून बाजारात मेलेली चिंबोरी घेऊ नये, ती कधी मेली ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. घरात मारून लगेच साफ केली आणि तासाभरात चुलीवर गेली तर चवीत काडीचा फरक नाही.

उलट नुकसान जिवंत तोडण्यात आणि जिवंत उकळण्यात आहे. उकळत्या पाण्यात टाकलेली चिंबोरी पाय आणि डेंगे गाळते, त्या भोकांतून पाणी आत शिरतं आणि मांस पाणचट होतं. आधी मारलेली असेल तर पाय जागेवर राहतात. भरलेली चिंबोरी करणाऱ्यांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको.

साफ करताना कवचाखालचे दोन्ही बाजूंचे पिसांसारखे कल्ले काढून टाका. पिवळट मगज (म्हणजे वर सांगितलेली पाचक ग्रंथी) ठेवायचा की नाही ही आवड, पण पाणी प्रदूषित असलेल्या खाडीची चिंबोरी असेल तर टाकलेला बरा, कारण नको ते सगळं तिथेच साठतं. आणि गोड्या बर्फाच्या पाण्यात तासन्‌तास ठेवू नका. एक म्हणजे समुद्री खेकड्याला नुसत्या गोड्या पाण्याचा त्रास होतो, दुसरं म्हणजे मांसाची चव उतरते.

शंकासुर

सगळं ठीक, पण हे जरा अति होत नाही का? खेकडा संकटात स्वतःहून डेंगा टाकून पळतो आणि तो परत उगवतोही. जो प्राणी आपला हात असा सहज सोडून देतो त्याला तो तोडल्याचं दुःख काय असणार? हालचाल म्हणजे वेदना नव्हे. लाजाळूचं पानही मिटतं.

नस्ती_उठाठेव

शंकासुर, मुद्दा चांगला आहे, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्यात. खेकडा स्वतः डेंगा टाकतो तेव्हा तो बुंध्याजवळच्या एका ठरलेल्या सांध्यात तुटतो. तिथे पडदा असतो, जखम लगेच मिटते, रक्त फारसं जात नाही. हाताने पिळून काढलेला डेंगा बहुधा तिथे तुटत नाही. मांस फाटतं, जखम उघडी राहते. युरोपातल्या खाद्य खेकड्यांवर हे तपासून पाहिलं आहे. स्वतः टाकलेल्यापेक्षा हाताने तोडलेल्या खेकड्यांत शरीरावरचा ताण स्पष्टपणे जास्त दिसला, मरणाचं प्रमाणही जास्त.

नुसती प्रतिक्षिप्त क्रिया की वेदना, यावर बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातल्या रॉबर्ट एलवुड यांनी बरंच काम केलं. २०१३ चा प्रयोग असा: किनाऱ्यावरच्या खेकड्यांना दोन अंधाऱ्या कपारी दिल्या, त्यातल्या एकीत गेलं की विजेचा हलका झटका. खेकड्याला उजेडापेक्षा अंधार प्यारा, तरीही दोन-तीन फेऱ्यांत ते झटक्याची कपार टाळायला शिकले. त्याआधी २००९ मध्ये शंखात राहणाऱ्या खेकड्यांवर पाहिलं होतं. झटका बसल्यावर ते नावडता शंख लवकर सोडतात, आवडता शंख असेल तर सोसतात. इथे काहीतरी तोलून पाहिलं जातंय. लाजाळू तसं करत नाही.

२०२१ मध्ये लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये जोनाथन बर्च यांच्या गटाने तीनशेहून अधिक अभ्यास चाळून अहवाल दिला. त्यात खेकड्यांबाबतचा पुरावा भक्कम ठरला, कोळंबीच्या बऱ्याच जातींबाबत कमी. कमी याचा अर्थ तिथे अभ्यासच थोडे झालेत. त्या अहवालानंतर ब्रिटनने २०२२ च्या संवेदनशीलता कायद्यात खेकडे, शेवंड, माकूळ (स्क्विड), ऑक्टोपस घेतले. स्वित्झर्लंडमध्ये १ मार्च २०१८ पासून शेवंड बधिर न करता उकळायला बंदी आहे.

आणि आपल्याकडे? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात "प्राणी" म्हणजे माणूस सोडून कुठलाही जिवंत जीव. म्हणजे चिंबोरीही आली. कलम ११(३) मध्ये अन्नासाठी मारण्याला सूट आहे, पण त्यात अनावश्यक वेदना दिल्या नसतील तरच. या कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. मोठी चिंबोरी त्याच्या कितीतरी पटीने महाग पडते.

शंकासुर

नावडत्या शंखाचा मुद्दा मान्य. पण मग बर्फाचं काय? थंडीने नुसता हलायचा थांबतो आणि आत सगळं कळत असतं असं नाही का होऊ शकत?

दर्यासारंग

होऊ शकतं, आणि जाणकारांतही यावर एकमत नाही. उष्ण प्रदेशातले खेकडे थंडीने लवकर सुस्त होतात, थंड पाण्यातल्या जातींना बर्फाने फारसा फरक पडत नाही, इतपत निरीक्षण आहे. म्हणूनच बर्फ म्हणजे मारणं नव्हे. बर्फात ठेवून तसेच तोडायला घेणारे अर्ध्यावरच थांबतात. बर्फाचा खात्रीचा उपयोग हा की खेकडा शांत राहतो, टोचा नेमक्या जागी बसतो आणि डेंगे गळत नाहीत. खरं काम टोच्याचं. विजेने बधिर करायची यंत्रं परदेशात निघाली आहेत, पण घरगुती जुगाड करून बादलीत वायर सोडायचा विचार कुणी करत असेल तर कृपया नको. खेकड्याआधी माणूस जाईल.

डीप फ्रीझरही टाळा. हवेतून थंडी हळू पोचते, पाय आधी गोठतात आणि धड मागे राहतं.

पालेभाजी

वाचतेय. पद्धतीबद्दल आक्षेप नाही, चाललंय त्यापेक्षा नक्कीच बरी. पण धागाकर्त्यांनी वाद नको म्हणत सोयीची बाजू निवडली आहे. चार माणसांच्या रश्श्याला सहा-आठ चिंबोऱ्या लागतात. एक बोकड साठ-सत्तर माणसांच्या पंगतीला पुरतो. जीव मोजायचे ठरवले तर चिंबोरी, कोळंबी आणि जवळा हे सगळ्यात महागडे पदार्थ आहेत. "लहान जीव म्हणजे कमी पाप" असं आपल्याकडे गृहीतच धरलेलं असतं. शनिवारी कोंबडी न खाणारे लोक सुकटीची मूठ सहज कढईत टाकतात, त्या मुठीत किती जीव?

नस्ती_उठाठेव

हिशोब बिनतोड आहे. फक्त त्यात प्रत्येक जिवाला समान वजन धरलंय. बोकडाला किती कळतं आणि जवळ्याला किती, यात मोठा फरक असण्याची शक्यता आहे, पण तो फरक कितीपट धरायचा हे कुणी ठामपणे सांगितलं तर माझा विश्वास बसणार नाही. जीवसंख्येने अस्वस्थ होणाऱ्या मासेखाऊंसाठी व्यावहारिक वाट म्हणजे शिंपल्यातले जीव: तिसऱ्या, कालवं आणि शिणाणे. त्यांच्यात मज्जातंतूंच्या गाठी अगदी साध्या, मेंदू म्हणावं असं काही नाही. संशयाचा फायदा तिथे सगळ्यात जास्त देता येतो.

आणि कोळंबीत न दिसणारी एक गोष्ट आहे. उबवणी केंद्रात मादी लवकर अंड्यावर यावी म्हणून तिचा एक डोळा देठासकट चिमटतात किंवा कापतात. अंडाशयाची वाढ रोखून धरणारं संप्रेरक त्या देठात तयार होतं, देठ गेला की ब्रेक सुटतो. ही जगभरची जुनी पद्धत आहे. ताटातल्या कोळंबीचा डोळा शाबूत असतो, तिच्या आईचा असेलच असं नाही.

तव्यावरचं

बाजारात दोन गोष्टी पाळता येतात. पोटाची झडप अरुंद टोकदार असेल तर नर, रुंद गोलसर असेल तर पूर्ण वाढलेली मादी. मादीच्या झडपेबाहेर केशरी-काळपट अंड्यांचा गोळा लटकत असेल तर ती घेऊ नका. पिल्लं सोडायला निघालेली असते, एकेकीत लाखोंनी अंडी असतात. लोकांना आवडते ती आतली लाख (पोटातली न घातलेली अंडी) वेगळी, कवचाखालची. दुसरं, "साफ करून द्या" म्हटलं की विकणारी मावशी जिवंतच तोडणार, तिच्याकडे गर्दी असते आणि बर्फात वीस मिनिटं थांबायला वेळ नसतो. बांधलेलीच घरी न्या. ओल्या गोणपाटात, सावलीत, हवा लागेल अशी. बंद प्लास्टिकमध्ये ती गुदमरून मरते आणि मग वर लिहिलेला पिठूळ मांसाचा प्रकार होतो.

खाडीकाठ

सगळ्यांचे आभार, अपेक्षेपेक्षा बरंच जास्त मिळालं. पालेभाजी, टोला बरोबर बसला. शेवटचं एक: पावसाळ्यात ओढ्यात आणि शेताच्या बांधावर मिळणारे मुठे. ते इतके लहान असतात की टोच्याने जागा सापडणार नाही.

दर्यासारंग

मुठ्यांना मीठ नको, ते गोड्या पाण्यातले. बर्फ-पाणी तेच, तीनास एक, दहा-पंधरा मिनिटं पुरतात. मग उताणा करून मधल्या रेषेवर जड सुरी आणि बत्त्याचा एक घाव. एका वेळी एकच बाहेर काढा, ढीग बाहेर ठेवला तर शेवटचे परत हलायला लागतात.

मुठ्यांच्या बाबतीत आणखी एक. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांत फुप्फुसात राहणाऱ्या चपट्या कृमीची पिल्लं असू शकतात. त्यामुळे खोकल्यावर म्हणून कच्चा रस पिणं पूर्ण बंद. पाय वाटून रस रश्श्यात घालणार असाल तर तो रस घातल्यावर रस्सा चांगला दहा मिनिटं खळखळून उकळा, आणि पाटा किंवा मिक्सरचं भांडं गरम पाण्याने धुतल्याशिवाय त्यात कोथिंबिरीची चटणी वाटू नका.