३० पैकी २८ गुण, तरी बाबांना चहा जमत नाही. या चाचण्या नेमकं काय सांगतात?

अनुजा_ठाणे
बाबा ७१ वर्षांचे, बँकेत हेड कॅशियर होते. मागच्या महिन्यात त्यांची एमएमएसई ही स्मरणशक्ती-विचारशक्ती तपासायची चाचणी झाली. तारीख, वार, तीन शब्द लक्षात ठेवा, शंभरातून सात-सात वजा करत जा. ३० पैकी २८ आले. "वयाच्या मानाने उत्तम" म्हणून घरी पाठवलं. त्याच आठवड्यात त्यांनी पेपरवाल्याला दोनदा पैसे दिले. कोथिंबीर आणायला गेले ते दीड तासाने चहापावडरची तीन पाकिटं घेऊन आले. अहो, ज्यांनी जन्मभर नोटा मोजल्या त्यांना वजाबाकी विचारून काय कळणार? शांत खोलीत समोर बसून कुणी एकेक प्रश्न विचारतंय, तिथे माणूस सावरतो. घरी कोण विचारतंय? आधी काय, मग काय हे आपलं आपणच ठरवायचं असतं, आणि बाबांचं नेमकं तेच गेलंय. या गुणांवर माझा विश्वास उरलेला नाही.

मनोवेध
अनुजाताई, मी नैदानिक मानसशास्त्रज्ञ आहे. त्रास समजतो, पण दोष चुकीच्या जागी देताय. एमएमएसई ही १९७५ सालची, दहा मिनिटांची चाळणी आहे. नियोजन ती जवळजवळ तपासतच नाही. सविस्तर तपासणी वेगळी असते, तिला काही तास लागतात. आपल्याकडे बंगळूरच्या निमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेची २००४ ची बॅटरी, म्हणजे चाचण्यांचा संच आहे. ट्रेल मेकिंग नावाच्या चाचणीच्या दुसऱ्या भागात आकडा-अक्षर-आकडा असं आलटूनपालटून जोडत जायचं असतं. त्यात फार वेळ लागणाऱ्यांना रस्त्यावर गाडी चालवतानाही जास्त अडचण येते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. संबंध मध्यम आहे, मान्य. पण मध्यम म्हणजे शून्य नव्हे.

वाटसरू
सर, सविस्तर चाचण्यांनाही चकवा बसतो. १९८५ साली एस्लिंगर आणि दमासिओ या मेंदूच्या अभ्यासकांनी 'ईव्हीआर' या रुग्णाबद्दल लिहिलं. मेंदूच्या पुढच्या भागातली गाठ काढल्यावरही बुद्ध्यांक वरचा, विस्कॉन्सिन कार्ड सॉर्टिंग ही बदलता नियम ओळखून पत्ते लावायची चाचणीही व्यवस्थित. आणि आयुष्य? धंदा बुडाला, संसार मोडला, जेवायला कुठे जायचं हे ठरवायला तासन् तास लागायचे. म्हणून १९९१ मध्ये शॅलिस आणि बर्जेस या मानसशास्त्रज्ञांनी तीन रुग्णांना लंडनच्या बाजाररस्त्यावर नेलं: पाव घ्या, अमुक माहिती मिळवा, ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागी पोचा, काही नियम पाळा. टेबलावरच्या बऱ्याच चाचण्या नीट देणारी माणसं तिथे गडबडली. कोथिंबिरीची गोष्ट हीच आहे.

मनोवेध
असे रुग्ण असतात, नाकारत नाही. पण मोजक्या रुग्णांवरून सगळी पद्धत मोडीत काढू नका.

माणदेशी
आमची उलटी तऱ्हा. आई शाळेत गेली नाही. तिला ३० पैकी १७ पडले आणि 'स्मृतिभ्रंशाची शक्यता' असं लिहून दिलं. ही बाई दर आठवड्याच्या बाजारात लसूण-मिरची विकते. कुणाची किती उधारी, कुणी कधी फेडली, सगळं तोंडपाठ. 'वाचा आणि तसं करा' म्हणून कागद पुढं केला, तिनं तो उलटा धरला, गुण गेला. हरियाणात बल्लभगडला याच अडचणीसाठी हिंदीत वेगळी चाचणी बेतली होती, १९९५ मध्ये छापून आली. तिथं कागद नाही. 'माझ्याकडं बघा, मी करतो तसं करा' म्हणायचं आणि डोळे मिटायचे. आणि घरच्यांना विचारायची वेगळी प्रश्नावली: गावात वाट चुकतात का, सण लक्षात राहतात का. आमच्या आईला हे कुणी विचारलंच नाही.

सुलभा_काकू
मी मनोवेध यांच्या बाजूने. घरच्यांच्या सांगण्यावर इतकं विसंबू नका. आमच्या ह्यांच्याबद्दल मी छातीठोकपणे सांगत होते, "काही झालेलं नाही, सगळं करतात." तपासणीत नियोजन फार खाली आलं. मला इतका राग आला की दुसऱ्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी विचारलं, सकाळी कपडे कोण काढून ठेवतं? मी. गोळ्या? मी. गाडीत शेजारी बसून "आता डावीकडे" कोण सांगतं? मीच. घर झाकतं हो माणसाला. बायको तर फारच झाकते. त्या कागदाने जे दाखवलं ते मला दोन वर्षं दिसलं नव्हतं. त्यानंतर किल्ली काढून घेतली.

अनुजा_ठाणे
काकू, तुमचं वाचून काल काढलेला व्हिडिओ परत बघितला. बाबा चहा करतायत, डॉक्टरांना दाखवायला काढला होता. आधण ठेवलं आणि ते ओट्याला हात टेकून उभेच राहिले. मागून माझा आवाज येतोय: "बाबा, साखर." मग "आता पावडर." मग "गॅस बारीक करा." चार वेळा. काढताना माझ्या लक्षातही आलं नव्हतं. बुधवारची वेळ मिळाली आहे. हाच दाखवू का?

मनोवेध
हा दाखवाच, तुमचे चार शब्द फार महत्त्वाचे आहेत. शिवाय अजून एक काढा, गप्प राहून. गॅसपाशी उभ्या राहा, धोका वाटला तरच हात घाला. आणि क्लिनिकमध्ये सविस्तर तपासणी आवर्जून मागा. दोन्ही शेजारी ठेवून बघू द्या त्यांना.

अनुजा_ठाणे
उद्या सकाळी काढते. आईलाही बाहेर बसवते, ती बोलल्याशिवाय राहणार नाही.