घरात काचबिंदू निघाला, तर सगळ्यांची जीन टेस्ट करावी का?

राजारामपुरीकर:
वडील ६८ वर्षांचे. जोतिबाच्या पायऱ्या उतरताना दोनदा पाय चुकला, आम्ही म्हटलं वय झालं. परवा चष्म्याचा नंबर काढायला गेले आणि काचबिंदू निघाला. त्या अर्धगोलात हनुवटी टेकवून, ठिपका दिसला की बटण दाबायची तपासणी झाली. बाहेर येऊन म्हणतात, "सगळं दिसलं की रं मला." कागदावर दोन्ही डोळ्यांचा खालचा भाग काळाकुट्ट. दुखलं नाही, खुपलं नाही, डोळ्याची नस आपली वाळत चाललेली.

आता एका लॅबवाल्यानं सुचवलंय, घरातल्या सहाही जणांची जीन टेस्ट करून घ्या. माझं मत, करावी. एकदाच काय तो सोक्षमोक्ष.

गंगावेशीतला गडी:
पैसे वर आलेत काय भावा? काचबिंदूशी जोडलेलं मायोसिलिनचं जनुक १९९७ मध्ये सापडलं, पण मोठ्या वयातल्या साध्या काचबिंदूत त्याचा दोष शंभरातल्या तीन-चार जणांतच निघतो. बाकीच्यांत ढीगभर जनुकं, प्रत्येकाचा हातभार चिमूटभर. म्हणजे टेस्ट निगेटिव्ह आली तरी काचबिंदू होणार नाही असं नाही. तो कागद कपाटात ठेवून दहा वर्षं डोळे न दाखवणाऱ्या माणसाची मला जास्त धास्ती वाटते.

त्यापेक्षा वडिलांच्या भावंडांना आधी न्या. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅमच्या अभ्यासात (१९९८) रुग्णांच्या सख्ख्या नातेवाइकांत आयुष्यभराचा धोका २२ टक्के निघाला, इतरांच्या नातेवाइकांत २.३. आणि नुसतं डोळ्याचं प्रेशर मोजून परत येऊ नका. ते २१ च्या आत असूनही काचबिंदू होतो. बाहुली मोठी करून नस बघायला लावा.

बावड्याची मावशी:
गड्या, सगळ्यांना एकच माप लावू नका. माझा भाचा १९ वर्षांचा. एका डोळ्यानं मधोमध धूसर दिसायला लागलं, दोन महिन्यांत दुसराही गेला. नसेला सूज म्हणून स्टेरॉइडची सलाइनं झाली, फरक शून्य. शेवटी रक्ताच्या जीन टेस्टमध्ये नाव कळलं, लेबर नावाचा डोळ्याच्या नसेचा आजार. आईकडून येणारा दोष, मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीला ऊर्जा देणाऱ्या भागातला. मग आठवलं, बहिणीच्या मामांचे डोळे चोविसाव्या वर्षी असेच गेलेले, आणि सगळे म्हणायचे "तंबाखूनं गेले". अर्धं खरंच होतं की ते! दोष असलेल्याला तंबाखू-सिगारेट आणखी खाईत लोटते. भाच्याच्या धाकट्या भावानं त्याच दिवशी विडी टाकली. टेस्ट नसती तर टाकली असती?

गंगावेशीतला गडी:
मावशी, तुमचं पटलं, पण तो काचबिंदू नव्हे. तिथं जनुकच निदान करतं. इथं लॅबवाला वडिलांच्या वयाच्या काचबिंदूवर पॅकेज विकतोय.

उद्यमनगरचा:
आणि स्थळांचं काय? "आनुवंशिक" हा शब्द कागदावर आला की पोरीचं लग्न अडलं. मी तरी कुणाची टेस्ट करणार नाही.

बावड्याची मावशी:
उलटं झालं की हो आमच्यात. त्या मामांच्या मुलांची दोन स्थळं मोडली, "बाप आंधळा" म्हणून. आणि हा दोष बाप देतच नाही! त्यांच्या पोरांना त्याची भीतीच नव्हती. टेस्ट त्या वेळी असती तर पोरं सुटली असती. बहिणीला सासरी ऐकून घ्यावं लागलं, ते मात्र खरं. दोष कळला की दोषी शोधतात लोक.

शाहूपुरीतली आई:
एक राहिलंच. तान्ह्या बाळाचे डोळे मोठे, पाणावलेले, उजेडात मिटून घेतं, तर "टपोरे डोळे" म्हणून कौतुक करू नका. जन्मजात काचबिंदू असू शकतो. त्यात सीवायपी१बी१ जनुकाचा दोष आई-बाप दोन्हीकडून यावा लागतो, आणि आपल्याकडं मामाची पोरगी करतातच. आंध्रात ३,३०० जन्मांमागे एक बाळ असं सापडलंय. तिथं पुढच्या बाळासाठी जीन टेस्टला अर्थ आहे.

राजारामपुरीकर:
बरं, पॅकेज रद्द. पण काका आणि आत्या? आत्या म्हणते, "मला सगळं दिसतंय."

गंगावेशीतला गडी:
तुझे वडीलही तेच म्हणत होते.

राजारामपुरीकर:
रविवारी तिला घेऊन जातोच. तिला दम्याचा पंप आहे, अडचण नाही ना?

शाहूपुरीतली आई:
पंप सोबत न्या आणि डॉक्टरांना दाखवा. काचबिंदूचे काही थेंब, टिमोलॉलचे खासकरून, दम्याला चालत नाहीत.